चौथ्या पुलावरचा पिवळा

९ ऑक्टोबर

आज दुकानात गेले. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी त्या डिपार्टमेंट स्टोअरला मी 'दुकान'च म्हणते, कारण माझं आयुष्य तिथल्या तक्रार खिडकीमागे गेलं. शेवटी तर मी त्या खिडकीची प्रमुख होते. लोकांनी ओरडायचं, मी कमरेत वाकायचं, आणि मग चूक नेमकी कुणाची ते शोधून काढायचं. ओरडणं आणि वाकणं कुणालाही जमतं.

सातव्या मजल्यावर लाकडी ठशांच्या चित्रांचं प्रदर्शन आहे. दाराशीच त्या सुप्रसिद्ध लाटेच्या चित्राचे मोजे, लाटेची छत्री, लाटेची बिस्किटं. परदेशी लोक त्या लाटेवर असे तुटून पडतात, जणू त्यांच्याकडे समुद्रच नाही. मी सरळ आत गेले, कारण आत कुसाकाबे प्रकाशनाची 'सुमिदाचे सहा पूल' ही नवी मालिका मांडली आहे. पाच पूल छापून झालेत, सहावा डिसेंबरात निघेल. पाचही आमच्या यांनी छापलेत. चित्राच्या समासात तसं लिहिलेलंच असतं: चित्रकार अमुक, कोरणारा तमुक, छापणारा शिगेहारू मुकोयामा. यांचं वय आता त्र्याहत्तर. सहावा पूल छापून झाला की ज्या चकतीनं आयुष्यभर कागद घासले ती बारेन खाली ठेवायची, असं यांनी ठरवलं आहे. सहाही पुलांखाली नाव हवं, बाकी काही नको म्हणतात.

चौथ्या पुलापाशी दोन बायका उभ्या होत्या. चित्राचं नाव 'पहाट'.

"आकाश बघ गं. डब्यातल्या अंड्याच्या गुंडाळीसारखं."

"नको आठवण करून देऊ. सकाळपासून काही खाल्लं नाही."

मी चष्मा लावून पाहिलं. पहाटेचा पिवळा असा हवा की आहे की नाही अशी शंका यावी, आणि वर जाता जाता तो विरून जावा. इथे क्षितिजावर थेट अंडं फोडून ठेवलं होतं. आणि त्याखाली माझ्या नवऱ्याचं नाव.

असा पिवळा हे कधीच छापणार नाहीत. कुणीतरी चुकीचा रंग कालवून यांच्यापुढे ठेवला आहे. कोण, ते मी शोधून काढणार.

१० ऑक्टोबर

जेवताना विषय काढला.

"तो पिवळा कुणी कालवला?"

"कुठला?"

"चौथ्या पुलावरचा. लोक त्याला अंड्याची गुंडाळी म्हणतात."

यांचा हात वाडग्यावर थांबला. "लोक भुकेले असतील."

"अहो, खाली तुमचं नाव आहे."

"पहाट तशीच असते, फुसाए."

"कुठे? कोंबड्यांच्या खुराड्यात?"

एरवी एवढ्यावर हे हसतात. आज हसले नाहीत. जरा वेळानं म्हणाले, "आज मुळ्याचं लोणचं नाही?"

लोणचं यांच्या पुढ्यातच होतं. पांढऱ्या बशीत, पिवळंधम्मक. तसं सांगितल्यावर म्हणाले, "हो की. मला बशी रिकामी वाटली." जन्मभर एकाच बाईच्या हातचं खाल्लं की नवरे ताटाकडे बघायचंच सोडून देतात.

१६ ऑक्टोबर

यांचा डबा मुद्दाम घरी राहू दिला आणि तो द्यायच्या निमित्तानं कारखान्यात गेले. वरच्या मजल्यावर तोच ओल्या कागदाचा आणि खळीचा वास. हे आपल्या उतरत्या पाटामागे मांडी घालून बसले होते. शेजारच्या पाटावर चिगुसा. पूर्वी यांचीच शिष्या, आता स्वतः पूर्ण तयारीची छापणारी, चाळिशीला आलेली, लग्नबिग्न नाही.

जे पाहिलं ते लिहून ठेवते. यांच्या सगळ्या ब्रशांच्या मुठींना दोरे बांधलेत. एकाला एक गाठ, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन.

"हा कसला नवस?" मी विचारलं.

"सोयीसाठी बांधलेत, काकू," चिगुसा म्हणाली, आणि एकदम तिला खळ ढवळायची आठवण झाली.

"कुणाच्या सोयीसाठी? यांनी इतकी वर्षं बिनगाठीचे ब्रश वापरले."

"फुसाए, डबा ठेव आणि जा," हे म्हणाले.

मी जिन्यापर्यंत जाऊन थांबले. यांनी ठशावर ब्रश फिरवायला घेतला. चिगुसा हळूच म्हणाली, "पुरे, ओयाकाता." आणि हे थांबले. एक शिष्या वस्तादाला 'पुरे' म्हणते आणि वस्ताद ऐकतो. आमच्या मिशनच्या शाळेत सिस्टर क्लोतिल्दना कुणी 'पुरे' म्हटलं असतं तर तिला आठवडाभर प्रार्थनागृहाची फरशी पुसावी लागली असती.

रंगांच्या वाट्याही तिच्याच पाटाशी होत्या. रंग ती कालवते, हे मात्र उघड झालं. की दोष दिव्याचा? यांच्या डोक्यावरचा दिवा जुनाट, पिवळट आहे. येताना मी पांढऱ्या उजेडाचा दिवा घेतला. आधी दिवा, मग माणूस. तपासणीचा क्रम पाळायचा.

२१ ऑक्टोबर

दिवा बदलून काहीही फरक नाही. उलट हे म्हणतात, "आता जरा बरं दिसतं, पण डोळ्यांत खुपतं." बरं दिसतं तर रंग का सुधारत नाही? या वाक्याला डोकं नाही की शेपूट.

२७ ऑक्टोबर

माझ्या मोठ्या चुलतभावाचा अंत्यविधी. हे गडद निळा टाय लावून आले. अंत्यविधीला. सगळे काळ्यात, आणि माझा नवरा बँकेत मुलाखतीला निघाल्यासारखा. उदबत्तीच्या रांगेत माझ्या वहिनीची नजर यांच्या गळ्यावरून हलेना.

आगगाडीत मी विचारलं, "माझ्या माहेरच्यांनी तुमचं काय वाकडं केलंय?"

यांनी टायचं टोक खिडकीपाशी नेलं, खूप वेळ पाहिलं, आणि म्हणाले, "काळाच आहे की."

चेष्टा म्हणावी तर चेहरा तसा नव्हता. घरी आल्यावर टाय काढून खिशात कोंबला आणि जेवलेच नाहीत. मीच चिडायचं की यांनी?

३० ऑक्टोबर

सकाळी चिगुसाचा फोन. मी उचलला तर म्हणते, "आज कसं आहे, काकू?" कुणाचं कसं आहे? थंडीचं? मी म्हटलं, "सगळं जागच्या जागी आहे." तिनं यांना द्यायला सांगितलं. हे फोन घेऊन बाल्कनीत गेले. या वयात मला मत्सर वाटावा असं काही उरलेलं नाही. पण बाल्कनीत जायचं कारण काय?

५ नोव्हेंबर

तक्रार केली. चिठ्ठीचपाटी नाही, समोरासमोर. कुसाकाबे-सान प्रकाशनाचे तिसऱ्या पिढीतले मालक, पन्नाशीचे, यांना शिगे-सान म्हणतात आणि मला वहिनी. त्यांनी चहा मागवला. मी तो घेतला नाही. तक्रारदारानं चहा घेतला की तक्रार निम्मी होते.

"चौथ्या पुलाचा पिवळा चुकला आहे, पहाटेची अंड्याची गुंडाळी झालीय," मी म्हटलं. "तो ज्यानं कालवला त्याला शोधा, आणि सहाव्या पुलाच्या कामावर ठेवू नका."

त्यांनी कप खाली ठेवला. "वहिनी, हे शिगे-सानना माहीत आहे का, तुम्ही इथे आलात ते?"

"त्यांचं नाव वाचवायलाच आले आहे."

"चित्र लोकांना आवडलंय."

"लोकांना लाटेची बिस्किटंही आवडतात. माझ्या आजेसासूबाई जुन्या नटांच्या चित्रांनी कागदी दाराची भोकं बुजवायच्या, कारण ती वाडगाभर शेवयांच्या किमतीत मिळायची. पण त्या स्वस्त चित्रांतसुद्धा रंग जागेवर असायचा."

त्यांनी माझा न घेतलेला चहा बाजूला सरकवला. मग म्हणाले, "तक्रार मागे घ्या. मी विनंती करतो."

"चूक कुणाची ते कळल्याशिवाय नाही."

"ज्यानं तो पिवळा छापला त्याला सहाव्या पुलावर ठेवायचं नाही. नक्की हेच म्हणणं आहे ना तुमचं?"

"नक्की हेच."

ते उभे राहिले आणि खोल वाकले. तक्रार ऐकल्यावर इतकं खोल कुणी वाकत नाही. मी आयुष्यभर वाकले आहे, मला कळतं. ते वाकणं सांत्वनाचं होतं. माझं कोण गेलं होतं?

८ नोव्हेंबर

हे घरीच आहेत. विचारलं तर म्हणतात, "रजा." नवीन वर्ष तोंडावर असताना कुठला छापणारा रजा घेतो? दिवसभर बसून बारेनवरचं बांबूचं पान बदलत होते. ओलं करून ताणलं, पिळलं, बांधलं. मग सोडलं. पुन्हा बांधलं. संध्याकाळी ती बारेन कापडात गुंडाळून कपाटात वरच्या फळीवर ठेवली, हिवाळ्यात पंखा ठेवतात तशी.

"सहावा पूल?" मी विचारलं.

"चिगुसा छापेल."

"का?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. "तक्रार आली आहे," म्हणाले.

म्हणजे कुसाकाबेनी माझ्या तक्रारीचा उलटाच अर्थ लावला. दोषी पाटावर आणि निर्दोष घरी. आमच्या दुकानात असा गोंधळ झाला असता तर मी खातेप्रमुखाला उभा चिरला असता.

१२ नोव्हेंबर

चिगुसा आली, पर्सिमनची पिशवी घेऊन. हे फिरायला गेले होते. मी तिला दारातच उभी ठेवली.

"मिळाला ना सहावा पूल? अभिनंदन."

"काकू, तुम्ही काय करून बसलात?"

"मी? पिवळा तू कालवतेस."

"मी कालवते तोवर पिवळा ठीक असतो." तिचा आवाज चढला, मग तिनंच तो खाली आणला. "चौथ्या पुलाच्या वेळी मी आईपाशी गावी होते. त्या आठवड्यात ते एकटेच होते."

"मग कालवला कुणी?"

तिनं पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "सांगणार नाही म्हणून शब्द दिलाय. पण एक करा. लोणचं पांढऱ्या बशीत वाढू नका. काळ्या बशीत वाढून बघा."

आणि गेली. रंगाच्या तक्रारीत लोणचं कुठून आलं? हल्लीच्या लोकांना सरळ बोलता येत नाही. सगळं कोड्यात.

१३ नोव्हेंबर

मुळ्याचं लोणचं लाखेच्या काळ्या बशीत वाढलं.

हे बसता बसता म्हणाले, "अरे वा, आज लोणचं आहे." आणि पहिला घास तोच घेतला.

काल पांढऱ्या बशीत तेच लोणचं होतं. काल यांनी त्याला हातही लावला नव्हता.

१४ नोव्हेंबर

लोणचं. टाय. रंग ओळखायला ब्रशांना बांधलेल्या गाठी. 'पुरे, ओयाकाता.' पांढऱ्या कागदावर फिकट पिवळा.

दिसत नाही म्हणून पुन्हा पुन्हा फासत राहिले.

आज दुसरं काही लिहिणार नाही.

१८ नोव्हेंबर

कुसाकाबे-सानकडे गेले. या वेळी चहा प्याले.

"तक्रार मागे घेते."

"कारण काय लिहू?" ते थट्टेनं म्हणाले असावेत, पण माझी खिडकीची सवय. कारणाशिवाय तक्रार मागे घेता येत नाही. सिस्टर क्लोतिल्द म्हणायच्या, खोटं बोलणं हे पाप, आणि गप्प राहून खोटं बोलणं हे चलाख माणसाचं पाप. मी खूप विचार केला. शेवटी म्हटलं, "त्या दिवशी पहाट तशीच होती, असं लिहा."

"तुम्ही पाहिली?"

"ज्यानं छापली त्यानं पाहिली."

त्यांनी मान डोलावली. मग जे सांगितलं त्यानं मी आणखीच गोंधळले. पाच पुलांपैकी चौथाच सगळ्यात आधी संपला. लोक तोच मागतात. चित्रकारानं आधी कपाळावर हात मारला, मग म्हणाला, असू दे, माझ्या कागदावर ही पहाट इतकी जागी नव्हती. सहाव्या पुलाचं आकाशही त्याच पिवळ्यात हवं आहे.

"तक्रारी किती आल्या?" मी विचारलं.

"एकच, वहिनी. तुमची."

म्हणजे ती चूक होती की नव्हती? तक्रार खिडकीवर या प्रकाराला रकाना नव्हता.

"आणि माझ्या सांगण्यावरून त्यांना काढलंत?"

"मी नाही काढलं. तक्रार कुणाची ते मी सांगितलं नव्हतं. पण अंड्याची गुंडाळी हे शब्द त्यांनी आधी ऐकले होते. म्हणाले, फुसाएला दिसलं म्हणजे खरंच दिसतंय. आणि उठले."

२० नोव्हेंबर

आज भांडले. भांडण हाच माझा आणि यांचा संवाद.

"किती दिवस झाले?"

"हळूहळू येतं ते. पडदा पडल्यासारखं नसतं. जुन्या कागदासारखं सगळं तपकिरी होत जातं, आणि आपल्याला वाटतं, जग जुनं होतंय."

"मोतीबिंदू आहे. आजकाल सकाळी जाऊन दुपारी घरी येतात. शेजारची कोमियामा बाई नव्वदीत करून आली, आणि आता माझ्या गॅलरीतली धूळ मोजते."

"मला भीती ऑपरेशनची नाही."

"मग?"

यांनी भिंतीकडे हात केला. आमच्या घरात सगळीकडे यांचीच चित्रं आहेत. "डोळा साफ झाला की हे सगळं दिसेल. कधीपासून बिघडलं ते दिसेल."

मी म्हटलं, "अहो, माझा चेहरा पण दिसेल. त्याची तयारी करा आधी."

हे हसले. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा.

३ डिसेंबर

उजवा डोळा झाला. आज पट्टी काढून घरी आणलं.

दारातच चौथा पूल लावलेला आहे, तक्रार मागे घेतली त्या दिवशी कुसाकाबे-साननी दिलेला. तो काढून ठेवावा का, यावर मी आठवडाभर माझ्याशीच वाद घातला. काढला तर लपवणं, ठेवला तर क्रूरपणा. सिस्टर क्लोतिल्दनी अशा प्रसंगाबद्दल काही सांगून ठेवलेलं नाही. त्यांना नवरा नव्हता. शेवटी तसाच राहू दिला, आणि खरं सांगायचं तर ठरवता न आल्यामुळे राहिला.

बूट काढता काढता यांची नजर वर गेली. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते. यांनी डावा डोळा हातानं झाकला. मग हात बदलला, उजवा झाकला. पुन्हा डावा. एका पायात बूट तसाच.

"या डोळ्याला तुझी अंड्याची गुंडाळी," म्हणाले, "आणि या डोळ्याला माझी पहाट."

मला वाटलं आता कोसळतील. ते फक्त विचारत होते. "खरी कुठली, फुसाए?"

जन्मभर मी हाच निवाडा करत आले. आज मला खरोखर सांगता आलं नाही. मी म्हटलं, "दुसरा बूट काढा आधी."

मग माझ्याकडे वळले, आणि तोच खेळ माझ्या चेहऱ्यावर केला. एक डोळा, मग दुसरा. निकाल सांगितला नाही. मीही विचारला नाही.

५ डिसेंबर

कपाटातली बारेन खाली आली. मी काढली नाही. सकाळी फळी रिकामी होती आणि हेही घरात नव्हते. डाव्या डोळ्याची तारीख यांनी पुढे ढकलली आहे. सहावा पूल होईपर्यंत हा असाच हवा, म्हणाले. डॉक्टर माझ्याकडे बघत होता, जणू मला हे कळतंय.

१७ डिसेंबर

डबा घेऊन गेले. या वेळी निमित्त नव्हतं, यांनीच मागितला होता.

सहाव्या पुलाचं आकाश चालू होतं. चौथा पूल नमुना म्हणून पाटाच्या वर टाचलेला. ब्रशांवरचे दोरे अजून आहेत. यांनी पिवळा घेतला, ठशावर फिरवला, ओला कागद खाचेत बसवून बारेननं घासला आणि उचलला. नाजूक, असेल नसेल असा पिवळा. बरोबर.

"आणखी, ओयाकाता," चिगुसा म्हणाली.

"हात होत नाही गं. दिसतंय ना आता."

"नमुना तो आहे."

"नमुना चुकलाय."

"नमुना तुमचाच आहे," ती म्हणाली. तोंडानं तिखट आहे पोरगी. मला पूर्वी हे कळलं नव्हतं.

हे उजवा डोळा मिटून कागदाकडे बघत राहिले, मग उघडला, मग डावा मिटला. काही ठरेना. चिगुसानं माझ्याकडे पाहिलं. मला तरी काय कळत होतं? मी डबा उघडला, कारण जेवायची वेळ झाली होती. सकाळी अंड्याची गुंडाळी केली होती. टोमणा म्हणून केली की आवडते म्हणून, ते माझं मलाच माहीत नाही.

यांनी एक तुकडा उचलला आणि ओल्या कागदाशेजारी धरला. दोन्ही डोळे उघडे ठेवून बराच वेळ पाहिलं.

"अजून एक हात," म्हणाले, आणि ब्रश पुन्हा पिवळ्यात बुडवला. चिगुसा 'पुरे' म्हणेपर्यंत थांबले नाहीत.

मग तो तुकडा तोंडात टाकला, चावला, आणि म्हणाले, "साखर जास्त झालीय."

तक्रार नोंदवून घेतली. चूक माझीच होती.